बुटातली चूक

तीर्थरूप साडूसाहेब यांच्या सेवेशी,

(साडूंना तीर्थरूप लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. पण तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आणि निदान चाळीस वर्षांनी शहाणे, तेव्हा लिहिलं.)

खरं तर वाकून नमस्कार करायला हवा. पण सध्या उजवा पाय दोन उशांवर ठेवून पडून राहायचा हुकूम आहे, म्हणून नमस्कार आडव्या आडव्याच करतो आहे. तो गोड मानून घ्यावा. (गोड हा शब्द लिहिताना हात अडखळला. लिहिलाच आहे तर राहू दे, नुसता लिहिल्यानं काही वाढत नाही.) तुमचा खोकला गेला का? ताईंची कंबर कशी आहे? गच्चीवर नेऊन ठेवलेला तो जुना पंखा अजून फिरतो का? आमच्याकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे मी सोडून सगळे ठीक आहेत, आणि त्यांनी ठीक राहावं म्हणून आता मीही ठीक व्हायचं ठरवलं आहे.

दोन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की, पायाला किरकोळ खरचटलं आहे. साडूसाहेब, ते खोटं होतं. जिथे खरचटलं होतं तो भाग आता माझ्याजवळ नाही. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अशी दोन बोटं डॉक्टरांनी काढून घेतली. मोजून पाहिलं तर पायांची आठ भरतात. पहिले काही दिवस मी रोज मोजत होतो, चुकून नऊ होतील म्हणून.

हे कसं झालं ते सगळं सांगतो. मध्ये तुमचाही संबंध येतो, तेव्हा बसून वाचा.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे आला होता आणि दोघी बहिणींनी आपल्या दोघांना एकाच सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला नेलं होतं, ते आठवत असेलच. दोघांनाही शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला शेजारी शेजारी बसवून अर्धा तास समजावलं. त्या बाई काय म्हणाल्या ते मला आज शब्दन् शब्द आठवतं, कारण परवा त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. नुसतं गोड सोडून भागत नाही. भात, पाव, बटाटा यांचीही शेवटी साखरच होते. जेवल्यावर थोडं चाला. गोळी वेळेवर घ्या, आणि बरं वाटलं म्हणून बंद करू नका. वर्षातून एकदा डोळे दाखवा, मूत्रपिंड तपासून घ्या, पाय दाखवा. इतकं सगळं त्या बोलल्या, आणि मी बाहेर येऊन हिला काय सांगितलं? ‘काही नाही, चहात साखर कमी घाला म्हणाल्या.’

तुम्ही मात्र येताना वाटेत थांबून एक वही घेतली होती. निळ्या पुठ्ठ्याची. घरी येऊन तुम्ही पट्टीनं रकाने आखलेत: सकाळची शुगर, काय खाल्लं, किती चाललो, गोळी घेतली की नाही. पेन्सिल हरवू नये म्हणून ती दोऱ्यानं वहीला बांधलीत. आणि मी काय केलं, तर जेवताना सगळ्यांदेखत तुम्हाला ‘पहिला बाक’ म्हणायला लागलो. पहिला बाक, वर्गात दिवे लावतोय बघा. पहिला बाक, बटाटा मोजून घेतलात ना? आमच्या लेकी हसल्या, ताईसुद्धा हसल्या, आणि तुम्हीही हसलात. तिसऱ्या दिवशी तुम्ही ती वही बॅगेत तळाशी टाकलीत, ते मी पाहिलं होतं. चारच पानं भरली होती. साडूसाहेब, मी आयुष्यात पुष्कळ विनोद केले, त्यातले बरेच पडले. हा एक तेवढा चांगला जमला, आणि तोच जमायला नको होता.

त्यानंतरची युक्तीही माझीच. तपासणीच्या आधी तीन दिवस कडक राहायचं, पालेभाज्या खायच्या, दोन्ही वेळ फिरायचं, आणि रक्त देऊन बाहेर पडलं की समोरच्या बेकरीत शिरायचं. वर्षभर पाठ्यपुस्तक न उघडता परीक्षेच्या आदल्या दिवशी महत्त्वाचे प्रश्न पाठ करणाऱ्यातला मी, आणि ती विद्या मी तुम्हाला फोनवरून शिकवली. तुमचा आकडा माझ्यापेक्षा कमी आला की मी चिडायचो, माझा कमी आला की पेढी उघडल्यासारखा मिरवायचो. मग डॉक्टरीणबाईंनी ती दुसरी तपासणी करायला लावली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. त्या तपासणीपुढे तीन दिवसांचं सोंग चालत नाही. रक्त स्वतःच चुगली करतं. नेहमीच्या तपासणीत मी साधूसंत आणि तीन महिन्यांच्या तपासणीत अट्टल बदमाश. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “यातले तुम्ही कोणते?”

मी म्हणालो, “मशीन बिघडलं असेल.”

तेव्हापासून आमच्या हिनं घरातले डबे हुंगायला सुरुवात केली. घर सुरक्षित राहिलं नाही म्हणून मी माल दुकानात हलवला. बूट दुरुस्तीच्या दुकानात लपवायच्या जागा काय कमी? लोक बूट टाकून जातात आणि न्यायला येतच नाहीत. वरच्या फळीवर असे बारा-चौदा जोड कायम असायचे. त्यात गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचे तपकिरी, गुडघ्यापर्यंतचे लांब बूट होते. अकरा महिने झाले, बाईंचा पत्ता नाही. मी समजलो, गाव सोडलं असेल. उजव्या बुटात क्रीमची बिस्किटं आणि डाव्या बुटात खारी, अशी मी व्यवस्था लावली. (गोडाचं आणि तिखटमिठाचं एकत्र ठेवू नये, वास लागतो. इतका मी या बाबतीत शिस्तीचा होतो.)

एके दिवशी दुपारी ही माझा डबा घेऊन आली आणि तिच्या मागोमाग त्या बाई. बाहेरगावी मुलीकडे होत्या म्हणे. मी म्हणालो, बूट संध्याकाळी घरी आणून देतो. त्या म्हणाल्या, आता आलेच आहे तर घालून बघते. मी म्हणालो, पॉलिश ओलं आहे. हिनं बोट लावून बघितलं आणि म्हणाली, वाळलंय की. बाईंनी स्टुलावर बसून उजवा पाय घातला. कर्रकन आवाज झाला.

“काय भरलंय हो आत?” बाई दचकून म्हणाल्या.

“आकार टिकावा म्हणून,” मी म्हणालो.

हिनं बुटात हात घातला, मूठभर चुरा काढला आणि गल्ल्याशेजारी कागदावर ठेवला. मग अगदी शांतपणे विचारलं, “दुसऱ्या पायातही आहे का?”

त्या बाई गाणं शिकवतात, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून सूर निघाला नाही. संध्याकाळी घरी ही एवढंच म्हणाली, “तुम्ही लपंडाव कोणाशी खेळताय? मी तर तुमच्याच बाजूची आहे ना?” रागावली असती तर मी भांडलो असतो. भांडणात मी बरा आहे. पण ती रडकुंडीला आली होती.

मग मी पश्चात्ताप केला. माझा पश्चात्ताप माझ्या खाण्यापेक्षा धोक्याचा निघाला. दुसऱ्या दिवशी स्वतःला शिक्षा म्हणून गोळी घेतली आणि जेवलोच नाही. चारच्या सुमाराला हात थरथरायला लागले, घामानं सदरा भिजला, आणि मी शेजारच्या घड्याळवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्याशी कडाकडा भांडलो की, तुझी सगळी घड्याळं खोटं बोलतात. त्याची आई शुगरची होती, म्हणून त्यानं ओळखलं. भांडणाला उत्तर न देता त्यानं पेल्यात चार चमचे साखर ढवळली आणि मला पाजली. नंतर थोडं खायलाही लावलं. पंधरा मिनिटांत मी माणसात आलो आणि त्याची माफी मागितली. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन हे सांगायला हवं होतं. त्यांनी गोळी आणि जेवण यांचा मेळ घालून दिला असता. मी मात्र त्यातून माझा स्वतःचा धडा काढला: गोळी वाईट. तेव्हापासून मी ती एक दिवसाआड घ्यायला लागलो. उरलेली गोळी कुंडीत पुरायचो. (कुंडीतलं झाड मेलं. त्याला काही शुगर नव्हती.)

या सगळ्यात दीड वर्ष गेलं. त्या काळात तळपाय कापसावर ठेवल्यासारखे वाटायचे. आधी मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची, मग तेही थांबलं. थांबलं म्हणून मी खूश झालो. बायकोला म्हणालो, बघ, पाय आपोआप बरे झाले. अहो, पाय बरे झाले नव्हते, पायांनी बोलणं टाकलं होतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या धंद्यात बारीक खिळ्याला चूक म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षांत माझ्या दुकानातून एकही बूट आत हात फिरवल्याशिवाय बाहेर गेला नाही. टाच ठोकली की चूक कधी कधी आतून वर येते, डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. लोक म्हणतात, या माणसाच्या बोटांना डोळे आहेत. तर या माणसानं एका सोमवारी घाईघाईत स्वतःच्या बुटाचा तळ ठोकला, आत हात फिरवला नाही, आणि दिवसभर ते बूट घालून उभा राहिला. मंगळवारीही.

मंगळवारी संध्याकाळी घरी येऊन मी मोजे काढले, हातपाय धुतले, सगळ्या खोल्यांतून दोनदा फिरलो आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं. मग माझं लक्ष फरशीवर गेलं. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत लाल डाग. मी ओरडलो, “माझं लाल पॉलिश घरात कोणी आणलं? फरशीचं काय करून ठेवलंय!” ही पोतेरं घेऊन आली आणि दाराकडून एकेक डाग पुसायला लागली. मी वर्तमानपत्राआडून सूचना देत होतो, तिथे एक राहिला, तो बघ कपाटापाशी. पुसत पुसत ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि थांबली. वर बघेना. मग तिनं माझं पाऊल हातात धरून उलटं केलं.

साडूसाहेब, बुटातून सुटलेली चूक अजून पायातच होती. करंगळीच्या बुडाशी, पुरी आत. ती मोज्यासकट आत गेली होती की काय, मोजा काढताना धागा तुटला असेल, मला काहीच कळलं नव्हतं. मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, “बघ की, जरासुद्धा दुखत नाही!” मला ती फुशारकी वाटली. ही पोतेरं हातात धरून तिथेच जमिनीवर बसली.

ती म्हणाली, आत्ता दवाखान्यात चला. मी पकडीनं चूक उपटली, औषध लावलं, पट्टी बांधली आणि म्हणालो, शनिवारी जाऊ, शनिवारी दुकान लवकर बंद होतं. शनिवारी एक गिऱ्हाईक घाईचं आलं. पुढच्या बुधवारी, म्हणजे नवव्या दिवशी, हिला पट्टीचा वास आला. डबे हुंगायची सवय होती म्हणून आला, नाहीतर तोही आला नसता आणि मग प्रकरण घोट्यावर गेलं असतं, असं सर्जननं नंतर सांगितलं. करंगळी शाईत बुडवल्यासारखी काळी झाली होती.

सर्जन तरुण होता, आपल्या मुलांच्या वयाचा. त्यानं विचारलं, “इतके दिवस का आला नाहीत?”

“दुखत नव्हतं,” मी म्हणालो.

“दुखलं असतं तर बरं झालं असतं,” तो म्हणाला आणि लिहायला लागला.

पण माझा खरा निकाल तिथे लागला नाही. तो लागला तीन आठवड्यांनी, पायाच्या तपासणीच्या खोलीत. तिथल्या सिस्टर हसऱ्या, बोलक्या. त्यांनी मला एक काडी दाखवली, तिला पुढे ताठ नायलॉनचा दोरा. म्हणाल्या, डोळे मिटा, मी हा पायाला टेकवीन, लागला की ‘हो’ म्हणा. डाव्या पायापासून करू, तो चांगला आहे. मी डोळे मिटून, जीभ तयार ठेवून बसलो. आता लागेल, मग लागेल. बाहेर कोणाचं तरी नाव पुकारलं, ट्रॉलीचं चाक वाजत गेलं. मी सज्जनासारखा थांबलो. शेवटी म्हणालो, “सिस्टर, सुरू कधी करताय?”

आणि मी डोळे उघडले. त्यांनी काडी खाली ठेवली होती.

“दहा ठिकाणी झालं, काका,” त्या म्हणाल्या.

बोटं गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. तिथे रडलो. त्या सिस्टरनी मला रुमाल दिला, पाणी दिलं, आणि मग एखाद्या लहान मुलाला दात घासायला शिकवावं तसं पायाकडे बघायला शिकवलं. गेलेली जाणीव बहुतेक परत यायची नाही, पण राहिलेलं सगळं राखता येतं, असं त्या म्हणाल्या. आता रोज सकाळी हातआरसा घेऊन मी स्वतःचे तळवे बघतो. (बासष्टाव्या वर्षी माणसानं तोंडापेक्षा तळवे जास्त वेळ बघावेत, याला काय म्हणावं? पण तळवे अजून बरे दिसतात, एवढं खरं.) कोमट पाणी आधी हिनं कोपरानं बघायचं, मग मी पाय घालायचे. बोटांच्या मधून पुसायचं. घरातसुद्धा अनवाणी नाही. गोळी रोज, तीही जेवणाच्या वेळेला धरून. ताटात अर्धी भाजी, आणि भात एवढासा की तो हरवू नये म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवून असतो. बोटाला टोचून आकडा बघतो. वाईट आला तर वाईटच लिहितो. गंमत अशी की यातलं काहीही अवघड नाही, साडूसाहेब. रोज वीस मिनिटांचं काम आहे. सहा वर्षं मी याच वीस मिनिटांपासून पळत होतो, आणि पळायला मला त्याहून कितीतरी जास्त मेहनत पडली.

दुकान गेले सात आठवडे हीच उघडते. ठोकाठोकीचं काम बंद आहे, पण पॉलिश, बक्कल, नाडी असलं सगळं ती करते, आणि प्रत्येक बुटात हात फिरवते. मला अजून एकदाही तिनं ‘मी सांगत नव्हते का’ असं म्हटलेलं नाही. मी रोज वाट बघतो. तिनं ते म्हणून टाकलं असतं तर मला जरा हलकं वाटलं असतं, पण तेवढी सवलत ती द्यायला तयार दिसत नाही.

तर अशी हकिगत. पत्र फार लांबलं. सगळ्यांना आठवण सांगा, मुलांना आशीर्वाद, आणि माझ्याविषयी मनात काही राग धरला असेल तर तो धरून ठेवा, मी भेटल्यावर समक्ष घेईन.

आपला आठ बोटांचा,
धाकटा साडू

ता. क. : पत्र लिहायचं कारण वर कुठेच आलं नाही, ते आता लिहितो. तुमच्या मागच्या पत्रात शेवटी तुम्ही एक गंमत लिहिली होती की, बाजारातून येताना डाव्या पायातली चप्पल कुठेतरी गळून पडली आणि तुम्ही तसेच रस्ताभर चालत आलात, भाजीवाल्यानं मागून हाक मारून दिली तेव्हा कळलं. मी ते हिला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. ते पत्र काल उशीखाली सापडलं आणि मी ते पुन्हा वाचलं. तापलेल्या रस्त्यावर अनवाणी पाय होता आणि तुम्हाला कळलं नाही. साडूसाहेब, तुमच्या पायांनीही बोलणं टाकलं आहे. याच आठवड्यात जाऊन पाय दाखवा. शनिवारची वाट बघू नका.

ता. क. २ : तुम्ही हे वाचून घडी घालून खिशात ठेवणार आणि ‘साडूचं पत्र आलंय, मजेत आहे’ असं ताईंना सांगणार, हे मला ठाऊक आहे. मीही तेच केलं असतं. म्हणून पत्र तुम्हाला लिहिलं असलं तरी पाकिटावर नाव ताईंचं घातलं आहे. बुटातल्या बिस्किटांसकट त्यांनी सगळं वाचलेलं असणार. आता मान वर करून बघा, त्या बाहेर जायचे कपडे करून उभ्या असतील.